निवडणूक लांबते, तेव्हा मधल्या काळात काय घडतं?

शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्राचं एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. इजिप्तमध्ये २०१३ साली लष्करानं सत्ता हातात घेतली, विरोधक तुरुंगात गेले, तरी संसदेची निवडणूक दोन वर्षांहून जास्त काळ पुढे पुढे जात राहिली. जिंकणं हातात असताना हुकूमशाही सरकार निवडणूक लांबवतं कशासाठी, आणि लांबवायचीच तर शेवटी घेतं कशासाठी? याला जोडून त्यांनी दुसरंही विचारलं आहे. कोल्हापूर महापालिकेतही पाच वर्षं निवडणूक झाली नव्हती, मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?

मी महसूल खात्यात नोकरी केली. त्या काळात मतदारयाद्या, प्रभागरचना, मतदान केंद्रं, मतमोजणी अशी ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतची कामं केली. निवृत्तीनंतर स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यव्यवस्था शिकवतो. त्यामुळे सुरुवात सिद्धान्तापासून न करता कचेरीतल्या टेबलापासून करतो. निवडणूक कशी लांबते हे तिथे आधी दिसतं.

निवडणूक घेण्यासाठी शेकडो कामं वेळेत पुरी व्हावी लागतात. ती न घेण्यासाठी एकच काम अपुरं राहिलं तरी भागतं. मतदारसंघांच्या सीमा ठरल्या नाहीत, यादी पक्की झाली नाही, उमेदवारीचे नियम कोर्टात अडकले, आयोगावर नेमणुका झाल्या नाहीत, यातलं काहीही पुरतं. ‘आम्ही निवडणूक रद्द करतो’ असं कुणालाच जाहीर करावं लागत नाही. कागदावर सगळे निवडणुकीच्या तयारीतच असतात. म्हणून लांबलेल्या निवडणुकीचा अभ्यास करताना नेत्यांच्या भाषणांच्या आधी अडकलेली फाईल शोधायची. ती कुणी तयार केली, कधी तयार केली आणि आधी का केली नाही, ते बघायचं.

इजिप्तची फाईल उघडून बघू. तिथलं आधीचं कनिष्ठ सभागृह जून २०१२ मध्येच, निवडणूक कायदा घटनाबाह्य ठरल्यामुळे, बरखास्त झालं होतं. ३ जुलै २०१३ ला लष्करप्रमुख अब्देल फताह अल-सीसी यांनी निवडून आलेले अध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना हटवलं. दोन दिवसांत वरचं सभागृहही गेलं. हंगामी अध्यक्ष म्हणून घटनात्मक न्यायालयाचे प्रमुख अदली मन्सूर आले. जुलैमध्ये त्यांनी जो आराखडा जाहीर केला, त्यात क्रम स्पष्ट होता: आधी राज्यघटना, मग संसद, मग अध्यक्ष. जानेवारी २०१४ मध्ये सार्वमत होऊन नवी घटना आली आणि त्याच महिन्यात क्रम बदलला. आधी अध्यक्षाची निवडणूक, संसद नंतर. मे २०१४ मध्ये सीसी सुमारे ९७ टक्के मतं घेऊन अध्यक्ष झाले.

आता घटनेनं दिलेली मुदत बघा. दुसऱ्या, म्हणजे आता संसदेच्या, निवडणुकीची ‘प्रक्रिया’ घटना लागू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावी, असं कलम २३० मध्ये होतं. मतदान सहा महिन्यांत व्हावं असं त्यात म्हटलेलं नव्हतं. जुलै २०१४ मध्ये निवडणूक समिती स्थापन झाली आणि प्रक्रिया सुरू झाली, मुदत पाळली गेली, असं धरलं गेलं. ज्यानं सरकारी कचेरीत काम केलं आहे, त्याला यातली मेख लगेच कळेल. प्रक्रिया सुरू करणं आणि पुरी करणं यांच्या मधल्या जागेला कायद्यात मोजपट्टीच नव्हती.

मतदारसंघांच्या सीमांचा कायदा डिसेंबर २०१४ मध्ये आला. मार्च २०१५ च्या अखेरीस मतदान सुरू होणार असं वेळापत्रक लागलं. १ मार्चला घटनात्मक न्यायालयानं तोच सीमांचा कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण मतदारसंघांत मतांचं वजन सारखं राहत नव्हतं. न्यायालयाचा मुद्दा योग्यच होता. मात्र सदोष कायदा इतक्या उशिरा आणला की तो कोसळला तर निवडणूक कोसळणारच होती. दुरुस्ती जुलैत आली आणि मतदान ऑक्टोबर ते डिसेंबर २०१५ मध्ये झालं. मतदान झालं सुमारे २८ टक्के. सभागृह पहिल्यांदा बसलं १० जानेवारी २०१६ रोजी. म्हणजे कनिष्ठ सभागृह नसलेला काळ साडेतीन वर्षांचा, आणि त्यातली अडीच वर्षं सीसींच्या प्रभावाखालची.

या काळात कायदे थांबले नव्हते, हे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. संसद नसेल तर कायद्याचं सामर्थ्य असलेले अध्यादेश अध्यक्ष काढू शकतो, अशी तिथे तरतूद होती, आणि तिचा वापर भरपूर झाला. नोव्हेंबर २०१३ मध्ये निदर्शनांवर निर्बंध घालणारा कायदा आला. एप्रिल २०१४ मध्ये असा कायदा आला की सरकारनं कंपन्यांशी केलेल्या करारांना तिसरा कुणी, म्हणजे सामान्य नागरिक, न्यायालयात आव्हान देऊ शकणार नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये सार्वजनिक मालमत्तेवरच्या हल्ल्यांचे खटले लष्करी न्यायालयांकडे गेले. मार्च २०१५ मध्ये शर्म अल-शेखला परदेशी गुंतवणूकदारांची मोठी परिषद भरली आणि तिच्या तोंडावर गुंतवणुकीचा कायदा बदलला. जुलै २०१५ मध्ये स्वतंत्र म्हणवल्या जाणाऱ्या नियंत्रक संस्थांच्या प्रमुखांना काढून टाकण्याचा अधिकार अध्यक्षाला मिळाला. पुढच्याच वर्षी देशाचे मुख्य लेखापरीक्षक हिशाम जेनेना यांना त्याच्याच आधारानं घरी पाठवलं. ऑगस्ट २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कायदा आला.

यांतला एकेक कायदा संसदेत गेला असता, तर तो मंजूर झाला असता हे मलाही मान्य आहे. पण संसद कितीही आज्ञाधारक असली, तरी विधेयक मांडलं की मसुदा बाहेर येतो, समितीत कुणीतरी प्रश्न विचारतो, वर्तमानपत्रात बातमी छापून येते, वेळ जातो. अध्यादेशात यातलं काहीच नाही. रात्री सही, सकाळी राजपत्र. म्हणून माझं म्हणणं असं की हुकूमशाहीत निवडणूक लांबते ती हरण्याच्या भीतीपोटी कमी आणि या मोकळ्या काळासाठी जास्त. तारीख पुढे गेल्याची बातमी आली की आपण नव्या तारखेकडे बघत बसतो. त्याच दिवशी राजपत्रात काय छापून आलं, ते बघायला हवं.

भीतीचा भाग अजिबात नसतो असं मात्र नाही. इजिप्तमध्ये ती होती, पण विरोधकांची नव्हती. आधीचे हुकूमशहा होस्नी मुबारक यांचा सत्ताधारी पक्ष न्यायालयानं एप्रिल २०११ मध्ये विसर्जित केला होता आणि सीसींनी स्वतःचा पक्ष काढलेला नव्हता. उलट २०१४ च्या घटनेनं संसदेला बरेच अधिकार दिले होते. पंतप्रधानाच्या नेमणुकीला सभागृहाची मान्यता लागत होती. कलम १६१ प्रमाणे दोन तृतीयांश सदस्यांनी ठरवलं, तर अध्यक्षावरचा विश्वास काढून घेण्याचा प्रश्न जनतेसमोर सार्वमताला नेता येत होता. असं सभागृह निवडून आणायचं आणि त्यात आपल्या पक्षाचा एकही माणूस नाही. मग कोण येणार? गावोगावचे जुने वजनदार लोक, पैसेवाले, मुबारकांच्या काळातली घराणी. हे लोक सरकारच्या विरोधात नसतात, पण ते कुणाच्याच शब्दात नसतात. शत्रूला तुरुंगात टाकता येतं. हजार ठिकाणी हितसंबंध अडकलेल्या मित्राचं काय करायचं, हा सत्ताधाऱ्याला जास्त छळणारा प्रश्न असतो.

त्याचं उत्तर त्यांनी निवडणूक पद्धतीतून काढलं. ५९६ जणांच्या सभागृहात ४४८ जागा व्यक्तींसाठी ठेवल्या, १२० याद्यांसाठी आणि २८ जण अध्यक्षानं नेमायचे. याद्यांचा नियम असा की ज्या यादीला बहुमत, तिला त्या विभागातल्या सगळ्या जागा. बाकीच्यांना शून्य. सरकारच्या मर्जीतल्या एकाच आघाडीनं १२० च्या १२० जागा घेतल्या. पक्षांना जागाच उरू नये अशी ती रचना होती. मूळ पद्धत लोकांनी निवडलेल्या कुणीही ठरवली नव्हती, हंगामी अध्यक्षांनी पद सोडण्याच्या अगदी थोडे दिवस आधी अध्यादेशानं आणली होती.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. दूध संघाची किंवा साखर कारखान्याची निवडणूक ज्यानं जवळून बघितली आहे, त्याला माहीत असतं की अर्धी निवडणूक प्रचार सुरू होण्याआधी झालेली असते. कुठल्या संस्थेचा ठराव कुणाच्या नावानं झाला, थकबाकीदार म्हणून कुणाची नावं गळाली, कच्ची यादी लागल्यावर हरकतींची सुनावणी कुणापुढे झाली, यात निकाल शिजतो. फरक इतकाच की इथे हरलेला गट सहकार खात्याकडे, तिथून उच्च न्यायालयात जातो आणि अनेकदा जिंकून येतो.

मग शेवटी निवडणूक घेतातच कशासाठी? इजिप्तच्या घटनेत कलम १५६ होतं. संसद नसताना काढलेले सगळे अध्यादेश नवी संसद बसल्यापासून १५ दिवसांत तिच्यापुढे ठेवायचे, चर्चा करायची आणि मंजूर करायचे, नाहीतर ते आपोआप रद्द. १० जानेवारी २०१६ ला बसलेल्या सभागृहापुढे असे ३४० हून जास्त कायदे आले. पंधरा दिवसांत त्यांनी ते उरकले. फेटाळला फक्त एक, नागरी सेवेचा कायदा, कारण त्यात लाखो सरकारी नोकरांच्या पगाराचा आणि बढतीचा प्रश्न होता. निदर्शनांवरचे निर्बंध गेले नाहीत, दहशतवादविरोधी कायदा गेला नाही, लेखापरीक्षकाला काढण्याचा अधिकारही गेला नाही. या पंधरा दिवसांवर तुम्ही प्रबंधिका लिहा असं मी सुचवेन. संसद यायला इतका उशीर झाला होता की आल्या आल्या तिच्या वाट्याला फक्त सह्या करण्याचं काम उरलं होतं. आणि त्या सह्या हव्या होत्या, कारण त्यांच्याशिवाय ते कायदे कायम होत नव्हते. परदेशी कर्जं, करार यांनाही संसदेचा शिक्का लागतो. पुढे २०१९ च्या एप्रिलमध्ये याच सभागृहानं घटनादुरुस्ती मंजूर केली. बाजूनं ५३१ मतं, अध्यक्षाची मुदत चारवरून सहा वर्षं, आणि सीसींना २०३० पर्यंत राहण्याचा रस्ता खुला.

शेजारच्या पाकिस्ताननं हे फार आधी करून दाखवलं होतं. जनरल झिया-उल-हक यांनी ५ जुलै १९७७ ला सत्ता घेतली आणि ९० दिवसांत निवडणुकीचं वचन दिलं. ऑक्टोबर १९७७ ची तारीख गेली, नोव्हेंबर १९७९ ची गेली. निवडणूक झाली फेब्रुवारी १९८५ मध्ये, तीही पक्षांना मनाई करून. त्या संसदेकडून त्यांनी त्याच वर्षी आठवी घटनादुरुस्ती मंजूर करून घेतली. लष्करी राजवटीतले सगळे हुकूम वैध ठरले, त्यांना न्यायालयात आव्हान देता येणार नाही असं ठरलं आणि सभागृह बरखास्त करण्याचा अधिकार अध्यक्षाला मिळाला. संसदेनं आपल्या हातानं तो अधिकार दिला होता आणि मे १९८८ मध्ये झियांनी तो तिच्यावरच वापरला.

थायलंडमध्ये मे २०१४ च्या बंडानंतर निवडणूक मार्च २०१९ पर्यंत लांबली. दर वेळी कारण नवं असायचं: घटनेचा पहिला मसुदा फेटाळला, सार्वमत, नव्या राजांनी सुचवलेले बदल, निवडणूक कायद्याची अंमलबजावणी ९० दिवस पुढे, शेवटी राज्याभिषेक. दरम्यान वरच्या सभागृहात लष्करी राजवटीनं निवडलेले २५० सदस्य बसवायची सोय घटनेत झाली आणि पंतप्रधान निवडताना त्यांनाही मत मिळालं. सत्ताधाऱ्यांचा नवा पक्षही याच काळात उभा राहिला. निवडणुकीत फ्यू थाई पक्षाला सर्वांत जास्त जागा मिळाल्या, तरी दोन्ही सभागृहांच्या मतदानात ५०० विरुद्ध २४४ नं जनरल प्रयुत चान-ओचा यांचीच निवड झाली. पाच वर्षं कशात गेली हे त्या एका आकड्यात दिसतं.

म्यानमारमध्ये तर मतदारांची मोजणीच पुरी झाली नाही. फेब्रुवारी २०२१ च्या बंडानंतर एक वर्षाची आणीबाणी लागली, मग सहा-सहा महिन्यांनी वाढत ती जुलै २०२५ पर्यंत चालली. २०२० ची निवडणूक जिंकलेला आँग सान सू ची यांचा पक्ष नव्या नोंदणी कायद्याखाली २०२३ मध्ये विसर्जित केला गेला. यादीसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये जनगणना केली, ती ३३० पैकी १४५ तालुक्यांत पुरी झाली. तरी २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं मतदान घेतलंच. इतकी वर्षं ‘यादी नाही’ म्हणून थांबलेली निवडणूक, यादी अपुरी असताना झाली. माझ्यासारख्या यादीवर काम केलेल्या माणसाला हे वाचून फार वाईट वाटतं. नाव यादीत नसलेला एक म्हातारा मतदार केंद्रावरून परत जातो तेव्हासुद्धा आत काहीतरी तुटतं. इथे अख्खे तालुके परत गेले.

लांबणीचा आणखी एक प्रकार आहे आणि विद्यार्थी त्याची इजिप्तशी गल्लत करतात. त्यात सभागृह रिकामं राहत नाही. जुनंच सभागृह मुदत संपल्यावरही बसून राहतं. आफ्रिकेतल्या चाडमध्ये २०११ साली निवडून आलेल्या संसदेची मुदत २०१५ मध्ये संपली. निवडणुकीला पैसे नाहीत, सुरक्षेची परिस्थिती बरी नाही, असं म्हणत ती २०२१ पर्यंत वाढत गेली आणि पुढची निवडणूक थेट २९ डिसेंबर २०२४ रोजी झाली. मधे २०१८ मध्ये याच मुदत संपलेल्या संसदेनं सार्वमताशिवाय नवी घटना मंजूर केली आणि अध्यक्ष इद्रिस देबी यांचे अधिकार व मुदत दोन्ही वाढवली. अंगोलात १९९२ ची संसद २००८ पर्यंत चालली. तिथे यादवी युद्ध होतं, हे खरं कारण. पण युद्ध २००२ मध्ये थांबल्यानंतरही सहा वर्षं गेली.

रिकामं सभागृह आणि ताणलेलं सभागृह यांत कोणतं वाईट? मला ताणलेलं जास्त धोक्याचं वाटतं. रिकाम्या सभागृहाच्या काळात निदान सगळ्यांना दिसतं की एक माणूस राज्य करतोय. ताणलेल्या सभागृहात कामकाज चालू असतं, मतदान होतं, इतिवृत्त लिहिलं जातं. फक्त त्या सदस्याचं पद आता मतदारांमुळे टिकलेलं नसतं, मुदत वाढवणाऱ्याच्या मर्जीनं टिकलेलं असतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

हे आपल्याकडेही घडलं आहे. मार्च १९७१ मध्ये निवडलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणी चालू असल्यानं संसदेनं कायदा करून ती एक वर्षानं वाढवली आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये आणखी एक वर्षानं. घटनेच्या कलम ८३ मध्ये तशी सोय आहे: आणीबाणीत एका वेळी एक वर्ष, आणि आणीबाणी उठल्यावर सहा महिन्यांपलीकडे नाही. म्हणजे कृती घटनेच्या चौकटीत होती. पण बेचाळिसावी घटनादुरुस्ती याच वाढीव मुदतीतल्या लोकसभेनं, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात असताना, मंजूर केली. लोकसभेची मुदत कायमची सहा वर्षं करण्याची तरतूदही तिच्यातच होती. मधू लिमये आणि शरद यादव यांनी मात्र, लोकांनी आपल्याला पाच वर्षांसाठी निवडलं होतं, या भूमिकेतून खासदारकी सोडली. राज्यशास्त्राच्या वर्गात या दोन राजीनाम्यांवर एक तास खर्च व्हायला हवा, आणि तो होत नाही. जानेवारी १९७७ मध्ये इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली, मार्चमध्ये त्या हरल्या आणि त्यांनी सत्ता सोडली. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं मुदत परत पाच वर्षांवर आली.

खऱ्या अडचणीमुळे झालेली लांबणी कशी ओळखायची, हे कोविडच्या वर्षात चांगलं दिसलं. न्यूझीलंडनं सप्टेंबर २०२० ची निवडणूक चार आठवडे पुढे नेली, नेमकी तारीख सांगितली आणि १७ ऑक्टोबरला घेतली. नियम तेच राहिले. दक्षिण कोरियानं एप्रिल २०२० मध्ये साथ भरात असताना वेळेवर घेतली. हाँगकाँगच्या विधान परिषदेची सप्टेंबर २०२० ची निवडणूक कोविडचं कारण देऊन एक वर्ष पुढे गेली. त्या वर्षात लोकशाहीवादी गटाच्या ज्यांनी उमेदवार ठरवण्यासाठी अंतर्गत मतदान घेतलं होतं, त्यांना अटक झाली. जागा ७० च्या ९० झाल्या आणि त्यातल्या थेट लोकांनी निवडायच्या ३५ वरून २० वर आल्या. डिसेंबर २०२१ मध्ये जेव्हा मतदान झालं, तेव्हा ते ३० टक्क्यांवर आलं होतं. आधीच्या खेपेला ५८ टक्के होतं. म्हणून मी मुलांना सांगतो की लांबलेल्या निवडणुकीच्या आधीचे आणि नंतरचे नियम शेजारी शेजारी ठेवून वाचा. तारखेशिवाय काहीच बदललं नसेल, तर अडचण खरी होती असं मानायला जागा आहे.

आता कोल्हापूर. आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ रोजी. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि पुढची निवडणूक ती संपायच्या आत पुरी व्हावी. आधी कारण कोविडचं होतं. पण जानेवारी २०२१ मध्ये जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामपंचायतींचं मतदान झालं आणि मे २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना, ‘गोकुळ’ दूध संघाचंही झालं. मग मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा ओबीसी आरक्षणावरचा निकाल, त्यानंतर आयोग, आकडेवारी, प्रभागरचना, सरकार बदललं की पुन्हा प्रभागरचना, त्यावर याचिका, ‘परिस्थिती जैसे थे’ ठेवण्याचा आदेश. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यातल्या रखडलेल्या निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा चक्र हललं. एकसदस्यीय प्रभागांत नगरसेवक निवडणारं शहर या खेपेला बहुसदस्यीय प्रभागांत मतदान करून आलं. नियम शेजारी ठेवून वाचा असं मी वर म्हटलं, ते इथेही लागू आहे.

तरी आपल्यात आणि इजिप्तमध्ये फरक आहे, आणि तो मोठा आहे. सभागृह नसताना महापालिका चालवणाऱ्या प्रशासकाला कायदे करता येत नव्हते. महापालिका अधिनियमाच्या चौकटीतच त्याला काम करायचं होतं. विरोधक मोकळे होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, न्यायालयानं सरकारला फटकारलं आणि सरकारला ऐकावं लागलं. याच काळात लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका वेळेवर झाल्या. २०२४ च्या मे महिन्यात कोल्हापूरनं काँग्रेसचे शाहू छत्रपती यांना लोकसभेवर पाठवलं आणि नोव्हेंबरमध्ये जिल्ह्याचा कौल अगदी उलट फिरला. निकाल आधी कुणालाच माहीत नव्हता. कैरोमध्ये २०१५ साली तो सगळ्यांना माहीत होता.

पण या फरकानं मी स्वतःचं समाधान करून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. पाच वर्षं सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हातात होते. त्यांनीच अंदाजपत्रक मांडायचं आणि त्यांनीच मंजूर करायचं. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा जाब विचारायला पदावर असलेला एकही नगरसेवक नव्हता. माजी नगरसेवक धावले, तालीम मंडळं धावली, पण त्यांच्या सहीला अर्थ नव्हता. प्रशासक म्हणून आलेले अधिकारी प्रामाणिक होते की नव्हते हा माझा मुद्दाच नाही. इजिप्तच्या बाबतीत जो प्रश्न विचारला, तोच इथे विचारायचा आहे: मधल्या काळात सह्या कशावर झाल्या?

इजिप्तच्या घटनेत, निदान कागदावर, ते सगळे कायदे नव्या सभागृहापुढे ठेवायची सक्ती होती. आपल्याकडे प्रशासकाच्या काळातले सगळे ठराव नव्या सभागृहापुढे फेरमंजुरीसाठी आणण्याची तशी सक्ती नाही. ते ठराव कायम राहतात. त्यामुळे तुम्हाला प्रबंधिकेसाठी कैरोइतकाच चांगला विषय घराजवळ आहे. नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२६ मधले प्रशासकीय ठराव माहितीच्या अधिकारात मागा, वर्षवार लावा. करवाढ, भाडेपट्टे, आरक्षणातल्या जागांचे बदल, मोठ्या निविदा असे वेगळे गठ्ठे करा. मग तुमच्या प्रभागातून निवडून आलेल्या नगरसेवकांकडे जा आणि यातले किती विषय पहिल्या वर्षात सर्वसाधारण सभेत पुन्हा काढणार, ते त्यांना लेखी विचारा. अर्जाचा मसुदा करताना अडलात तर कळवा, विषयांची नावं कचेरीच्या भाषेत कशी लिहायची ते मी सांगेन. नाहीतर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असं उत्तर देऊन अर्ज परत येतो.